साडेबत्तीस विद्यार्थी

रत्नप्रभा गमरे यांची नोकरी एकतीस मार्च एकोणीसशे पंच्याऐंशी रोजी, सहाव्या पंचवार्षिक योजनेबरोबर, संपणार होती. योजनेची दिल्लीला काळजी नव्हती. सातवी तयार होती. रत्नप्रभाबाईंबद्दल मात्र दिल्लीचं म्हणणं असं होतं की पाच वर्षं आम्ही सांभाळल्या, आता राज्याने सांभाळाव्यात. राज्याचं म्हणणं असं होतं की पाहू.

बाई मुलुंड पूर्वेच्या सोमजाई विद्यालयात पुस्तकबांधणी शिकवत. हा विषय शाळेने आपणहून मागितला होता असं म्हणता येणार नाही. ऐंशी साली दिल्लीत कुणाच्या तरी लक्षात आलं की देशातल्या पोरांची पुस्तकं दिवाळीच्या आत उसवतात. त्यावर पुस्तकं बरी छापण्याचा एक उपाय होता, पण तो दुसऱ्या खात्याचा होता. तेव्हा पोरांनाच बांधणी शिकवावी असं ठरलं आणि योजना निघाली. सोमजाईचे हेडक्लार्क गुणाजी राणे यांचा रिवाज असा की सरकारी पत्रकात ‘विनामूल्य’ हा शब्द दिसला की अर्ज करायचा, विषय नंतर वाचायचा. त्या वर्षी त्यांनी तीन अर्ज केले: विज्ञानाची पेटी, वाजवायची पेटी आणि पुस्तकबांधणी. दोन्ही पेट्या आल्या नाहीत. बांधणी आली. पुस्तकं दाबायचा एक लोखंडी शिकंजा, दोन गोणी सरस आणि शिक्षकाचं एक पद.

त्या पदावर रत्नप्रभाबाई आल्या. वडील गिरगावात एका छापखान्यात बाइंडर. बाईंचे हात वडिलांचे होते आणि सर्टिफिकेट सरकारचं. पाच वर्षांत शाळेच्या ग्रंथालयातलं एकही पुस्तक त्यांनी उसवलेलं ठेवलं नाही. मुख्याध्यापकांची डायरी बांधली, शिपाई शांताबाईंचं रेशनकार्ड बांधलं, गणपतीच्या आरत्यांच्या चोपड्या बांधल्या. सुटा कागद त्यांना बघवत नसे. एकदा बसमध्ये शेजारच्या म्हातारीच्या हातात पोथी होती, तिची पानं सुटलेली. बाईंनी चेकनाका येईपर्यंत कसाबसा दम धरला, आणि मग पर्समधून सुई काढली. म्हातारीचा स्टॉप गेला, पण पोथी टिकली.

घर त्यांच्या पगारावर चालत होतं. नवरा शिवदास गिरणीत विणकर. ब्याऐंशीचा संप मिटला असं अजून कुणी अधिकृतपणे जाहीर केलं नव्हतं, त्यामुळे शिवदासही अधिकृतपणे बेकार नव्हता. तो तीन वर्षं संपावर होता. मुलगी मीरा सातवीत. पगार दिल्लीहून निघायचा, तो पाच ऑफिसांत मुक्काम करत तीन-तीन महिन्यांनी मुलुंडला पोचायचा, पण पोचायचा. बाईंना एवढं पुरे होतं.

मार्चच्या बारा तारखेला शाळेत दोन पत्रं आली. गुणाजी ती घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. मुख्याध्यापक भाऊराव पोतनीस इतिहास शिकवत आणि वर्तमानाला घाबरत. रत्नप्रभाबाईंनाही बोलावणं गेलं.

“सायबानूं, ह्यो गोंधळ बघा,” गुणाजी म्हणाले. ते मालवणचे; संकट आलं की त्यांच्या बोलण्यात मालवण वर येई आणि संकट टळलं की मुंबई. “दिल्लीवाले म्हणतत, आम्ही योजना राज्याच्या ताब्यात देताना तपासणी करणार. वर्गात जास्तीत जास्त पंचवीस मुलं असूक व्हयी. सुई, सुरी, गरम सरस. जास्त मुलं म्हणजे धोका. पंचविसाच्या वर एक जरी दिसलं तर योजना नीट चालवली नाय, हस्तांतरण रद्द.”

“आणि राज्य?” बाईंनी विचारलं.

“राज्य म्हणतं, आम्ही ताब्यात घेताना तपासणी करणार. वर्गात कमीत कमी चाळीस मुलं हवीत. चाळिसाच्या खाली पद परवडत नाय.”

भाऊरावांनी चष्मा काढून पुसला. “आपली किती आहेत?”

“बत्तीस,” बाई म्हणाल्या.

बत्तीस हा आकडा आजवर त्या खोलीत कुणालाच वाईट वाटला नव्हता.

“मग बत्तीसच दाखवू या की सर,” बाई म्हणाल्या. “आहेत तेवढी आहेत.”

“बाई,” गुणाजी समजुतीच्या स्वरात म्हणाले, “खोटा आकडा निदान एका सरकाराक तरी चालता. खरा दोघांकय चालणा नाय.”

शेवटी तिघांनी मिळून, म्हणजे गुणाजींनी, तोड काढली. तपासण्या दोन्ही एकाच दिवशी होत्या. एकतीस तारखेला रविवार, तीसला रामनवमी, त्यामुळे शुक्रवार एकोणतीस हा देशाचा शेवटचा कामाचा दिवस होता. पण वेळा वेगळ्या होत्या. दिल्लीचे साहेब सकाळी अकराला, राज्याचे दुपारी तीनला. अकराला बत्तीसमधली सात मुलं चित्रकलेच्या वर्गात पाठवायची. तीनला ती परत आणायची आणि आठवी ‘ब’मधली आठ उसनी घ्यायची. खूण घंटेची. शांताबाईंनी एक टोला दिला की दिल्ली, सातजण बाहेर. दोन टोले दिले की राज्य, आठजण आत.

“एक दिल्ली, दोन राज्य,” शांताबाईंनी पाठ केलं. “सोपं आहे. राज्य मोठं.”

“राज्य मोठं नाही हो,” भाऊराव म्हणाले. मग इतिहासाच्या शिक्षकाला साजेसा थोडा विचार करून त्यांनी तो मुद्दा सोडून दिला.

एकोणतीस तारखेला अकरा वाजले, बारा वाजले, दिल्ली आली नाही. दिल्लीचे साहेब चंद्रप्रकाश सक्सेना सकाळी घाटकोपरच्या एका शाळेत गेले होते, आणि त्या शाळेने त्यांना लेझीम दाखवलं होतं. साहेबांनी चांगलं म्हटलं, म्हणून पुन्हा दाखवलं. इकडे राज्याचे उपनिरीक्षक धोंडिराम केंजळे यांना रामनवमीला चाफळला पोचायचं होतं. एसटी चारची. त्यांनी तीनची तपासणी आपल्या अधिकारात एकवर आणली आणि शाळेला कळवण्याचं पत्रही टाकलं. ते पुढच्या बुधवारी पोचलं.

एक वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या फाटकाशी एक टॅक्सी आणि एक रिक्षा एकदमच थांबली.

टॅक्सीतून सक्सेना उतरले: उंच, सफारी सूट, गळ्यात घाटकोपरचा हार. रिक्षातून केंजळे उतरले: ठेंगणे, हातात एसटीची पिशवी. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि फाटकाकडे हात केला.

“आइए, पहले आप. अब तो स्कूल आपका है.”

“छे छे, तुम्ही पहिले. एकतीसपर्यंत तुमचंच.”

असे दोघे बराच वेळ उन्हात एकमेकांना शाळा देत उभे राहिले. खिडकीतून हे पाहून गुणाजींनी फक्त “रवळनाथा” एवढंच म्हटलं.

मैदानाच्या टोकाला शांताबाई घंटेजवळ उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. दिल्ली आली म्हणजे एक, राज्य आलं म्हणजे दोन. दोन्ही आली. शांताबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, बेरीज त्यांना येत होती. त्यांनी तीन टोले दिले.

पुस्तकबांधणीच्या वर्गात रत्नप्रभाबाई खळ ढवळत होत्या. ‘तुम्ही काही बोलायचं नाही, फक्त शिकवायचं,’ असं भाऊरावांनी त्यांना बजावलं होतं. टोले ऐकून त्यांनी मान वर केली. तीन टोल्यांचं काय करायचं हे बत्तीसपैकी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, म्हणून बत्तीसही जागेवर बसून राहिले. तिकडे आठवी ‘ब’मधल्या आठांना एवढंच ठाऊक होतं की एकापेक्षा जास्त टोले पडले की आपण. बीजगणिताचा तास चालू होता. ते धावतच आले.

दहा मिनिटांनी सक्सेनासाहेब आत आले. पाच वर्षं केंद्राने खर्च केला होता, तेव्हा पहिली पाहणी त्यांची, असं केबिनमध्ये ठरलं होतं. केंजळे चहा घेत थांबले होते. एकमेकांच्या देखत मोजणं बरं दिसलं नसतं.

“बैठो, बैठो,” सक्सेना म्हणाले, आणि पेनाच्या टोकाने हवेत टिचक्या मारत मोजू लागले. बाई पाहत होत्या. ते पेन पहिल्या रांगेवरून दुसऱ्या रांगेवर गेलं, तिसऱ्या रांगेत उसन्या पोरांवर आलं. ती पोरं सरसाचा वास घेऊन नाक मुरडत होती. पेन थांबलं.

“फोर्टी?”

बाई खळ ढवळत राहिल्या. बोलायचं नव्हतं.

सक्सेनांनी मान हलवली, एक वाजून वीस मिनिटं अशी वेळ टिपली आणि गेले.

तोवर भाऊराव आयुष्यात दुसऱ्यांदा धावले. पहिल्यांदा ते कधी धावले होते हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं. “अहो शांताबाई, एक! दिल्ली आहे ना आत, एक!”

“मग आधी सांगायचंत ना साहेब,” म्हणत शांताबाईंनी एक टोला दिला. चांगला खणखणीत.

बांधणीच्या वर्गातली सात मुलं ठरल्याप्रमाणे उठली आणि ओळीने चित्रकलेच्या वर्गात गेली. आपल्याला आणणारे टोले उलटले, आता एकच पडला, तेव्हा आपलं काम संपलं, असं समजून ‘ब’ वर्गाचे आठजणही उठले. त्यातला एकजण जाताना बाईंना म्हणाला, “बाई, पुन्हा कधी येऊ?”

दाराशी केंजळे उभे होते. त्यांनी बोटाने मोजलं, मग खात्री करण्यासाठी उलटीकडून मोजलं. “पंचवीस,” ते म्हणाले, आणि वेळ टिपली: एक पस्तीस. “बाई, एवढ्यावर पद कसं द्यायचं हो?”

बाईंनी खळीचा ब्रश भांड्याच्या काठावर निथळत ठेवला. दिल्लीला जे हवं होतं ते राज्याने पाहिलं होतं. राज्याला जे हवं होतं ते दिल्लीने. दोन्ही आकडे अगदी चोख होते, फक्त चुकीच्या डोळ्यांना दिसले होते.

हस्तांतरणाचा फॉर्म हा त्या दिवसाचा राजा होता. जाड पिवळसर कागद, वर छापील क्रमांक, एका शाळेला एकच. मधोमध उभी छिद्रांची रेघ, पोस्टाच्या तिकिटांना असते तशी. डावा रकाना केंद्राचा, हिंदीत. उजवा राज्याचा, मराठीत. दोघांनी आपापला अभिप्राय लिहायचा, मग कागद रेघेवर फाडायचा. डावा भाग दिल्लीला, उजवा भाग मुंबईला. दोन्ही भाग पुन्हा शेजारी ठेवून कुणी वाचायचे नाहीत, असं सूचनांमध्ये लिहिलेलं नव्हतं, कारण असं कुणी करील हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. या सूचना साऱ्या शाळेत एकट्या गुणाजींनी वाचल्या होत्या.

सक्सेनांनी डावीकडे लिहिलं: छात्र चालीस, मानक का उल्लंघन, हस्तांतरण की सिफ़ारिश नहीं. मग त्यांनी सभ्यपणे भिंतीकडे तोंड केलं. केंजळ्यांनी डाव्या भागावर टीपकागद ठेवून उजवीकडे लिहिलं: विद्यार्थी पंचवीस, संख्या अपुरी, पद चालू ठेवण्याची शिफारस नाही. फाडायचं जेवणानंतर ठरलं आणि सगळे जेवायला बसले. सक्सेना शाकाहारी, केंजळ्यांचे रामनवमीपर्यंत नऊ दिवसांचे उपास. बांगडे आणवून ठेवले होते ते गुणाजींनी सांगितलेच नाहीत.

मधल्या वेळात गुणाजी योजनेचे पाच वर्षांचे कागद आणि तो फॉर्म घेऊन बांधणीच्या वर्गात आले. “बाई, दोनशे चौदा कागद आहेत. तारखेप्रमाणे लावा, नंबर घाला. मी जेवण वाढून इलोच.”

“काय लिहिलं त्यांनी?”

गुणाजींनी नजर चुकवली. “वाचा तुम्हीच,” म्हणाले, आणि गेले.

बाईंनी वाचलं. आधी डावीकडचं, मग उजवीकडचं. मग त्या कागद तारखेप्रमाणे लावू लागल्या. सगळ्यात खाली त्यांचं नेमणूकपत्र निघालं, ऐंशी सालचं. त्या दिवशी शिवदासने गिरणीत पेढे वाटले होते. गिरणी चालू होती तेव्हा. एप्रिलपासून काय सांगायचं त्याला? तो काही बोलणार नाही, हेच वाईट. मीराच्या वह्यांना आता पुठ्ठे घरीच घालता येतील, वेळच वेळ, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं, मग नीट आलं नाही.

आणि डोकं असं भलतीकडे असताना हात आपल्या कामाला लागले. दोनशे चौदा सुटे कागद होते, आणि समोर दाभण होतं. त्यांनी कागद ठोकून सारखे केले, कडेला भोकं पाडली, दोरा ओवला. पंचवीस मुलं न सांगता भोवती जमली. एकाने पुठ्ठे कापले, एकीने कापड बेतलं. सगळ्यात शेवटी पिवळा फॉर्म हातात आला. बाईंनी तो उजेडात धरला. मधोमध रेघभर भोकं पडलेली, आणि केंजळ्यांनी टीपकागद दाबला तिथे वरून बोटभर सुटायलाही लागलेला.

“बघा,” त्या मुलांना म्हणाल्या, पाच वर्षं म्हणत आल्या तशाच, “असा कागद बांधणीत तसाच घालायचा नाही. आधी जखम बुजवायची.”

त्यांनी मलमलीची पट्टी कापली, खळ लावली आणि रेघेच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत चिकटवली. बोटाने हवा काढली. फॉर्म शेवटचं पान म्हणून शिवला, पुठ्ठे चढवले, कण्याला लाल कापड लावलं आणि ग्रंथ शिकंज्यात घालून दांडा आवळला.

गुणाजी परत आले तेव्हा वर्ग झाडून झाला होता.

“कागद खंय?”

बाईंनी शिकंज्याकडे हात केला. गुणाजींनी दांडा सैल केला, ग्रंथ काढला, शेवटचं पान उघडलं आणि पट्टीवरून अंगठा फिरवला. मग ते बाकावर बसले. विद्यार्थ्यांच्या बाकावर ते तीस वर्षांत बसले नव्हते.

“बाई, ह्या काय केल्यात? ता फाडूचा होता! मधोमध! म्हणून तर भोकां पाडलेली!”

“भोकं पाडून फाडतात?” बाईंना खरंच कळेना. “मग कागद एक कशाला घेतात?”

गुणाजी ग्रंथ मिटून उठले.

ग्रंथ केबिनमध्ये गेला. दोन्ही साहेब हात पुसत होते. गुणाजींनी शेवटचं पान उघडून मधे ठेवलं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा केंद्र आणि राज्य यांनी एकमेकांचा रकाना वाचला.

दोघांची बोटं दुसऱ्याच्या आकड्यावर थांबली.

“चाळीस?” केंजळे म्हणाले.

“पच्चीस?” सक्सेना म्हणाले. “केंजळेसाहब, एक बीस पे चालीस और एक पैंतीस पे पच्चीस? पंद्रह बच्चे किधर गए?”

“ते तुम्ही सांगा. मी दोनदा मोजले. एकदा इकडून, एकदा तिकडून.”

“मैंने भी गिने हैं. मैथमैटिक्स का एम. ए. हूँ.”

“मी एम. एड. आहे,” केंजळे म्हणाले, आणि थोडं थांबून म्हणाले, “पण मोजता येतं.”

भाऊराव भिंतीवरच्या थोर पुरुषांच्या तसबिरींकडे आशेने पाहत होते. त्यांच्यापैकी कुणी मदतीला येईना.

सक्सेनांनी फूटपट्टी घेतली, रेघेवर ठेवली आणि कागद ओढून पाहिला. फाटेना. केंजळ्यांनी नख लावलं. नख तुटलं. “मज़बूत है,” सक्सेना नाइलाजाने म्हणाले.

“पाच वर्षं शिकवत्ये साहेब,” दारात उभ्या असलेल्या रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

दुसरा फॉर्म नव्हता. क्रमांक छापील होता. हा असाच गेला तर दोन्ही ऑफिसांत दोन्ही आकडे वाचले जाणार होते. शाळेचं जे व्हायचं ते होईल. पण मग प्रश्न हा निघणार होता की दोन अधिकाऱ्यांपैकी मोजता कुणाला येत नाही. सक्सेनांची बढती जूनमध्ये होती. केंजळ्यांची एसटी चारला.

“ऐसा करते हैं,” सक्सेना आवाज खाली आणत म्हणाले, “औसत निकालते हैं. चालीस और पच्चीस, पैंसठ. आधा, साढ़े बत्तीस.”

“सरासरी शास्त्रीय असते,” केंजळ्यांनी मान डोलावली. “पण अर्ध्या विद्यार्थ्याचं काय?”

“वो केंद्र छोड़ देता है.”

“केंद्राने कशाला? राज्य सोडतं की. आमचाच आहे पोरगा.”

“नहीं नहीं, इतना तो हम कर सकते हैं.”

“साहेब,” बाई म्हणाल्या. गप्प राहायचं होतं हे त्या आता विसरल्या होत्या, किंवा आता त्याचा उपयोग नाही हे त्यांना कळलं होतं. “बत्तीस आहेत.”

दोघांनी वळून पाहिलं.

“आपको कैसे मालूम, मैडम?”

“मी शिकवते त्यांना.”

हा पुरावा दोघांनाही नवीन होता. सात मुलं चित्रकलेतून बोलावली गेली, तीही घंटेशिवाय, शांताबाईंनी बकोटीला धरून. बाईंनी एकेकाचं नाव घेतलं, एकेकजण उभा राहिला. बत्तीस. दोन्ही साहेबांनी मिळून मोजले, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान आलं. कारण सरासरीने पाहिलं तर दोघांचीही मोजणी बरोबर ठरली होती.

पण समाधान फार टिकलं नाही. बत्तीस पंचविसाच्या वर होते आणि चाळिसाच्या खाली. सक्सेनांनी पेन उघडलं, मिटलं. केंजळ्यांनी घड्याळ पाहिलं. बाई शेवटच्या पानाकडे पाहत होत्या. आता दोन्ही रकान्यांत खरा आकडा पडणार होता, आणि गुणाजी पहिल्याच दिवशी बोलले होते ते तेवढंच खरं होतं.

“साहेब, एक विचारू?” बाई केंजळ्यांना म्हणाल्या. “चाळीस कशी होणार होती? दिल्ली पंचविसाच्या वर घेऊच देत नव्हती.”

केंजळे खुर्चीत ताठ झाले. “म्हणजे दोष केंद्राच्या मर्यादेचा.”

“एक मिनट,” सक्सेना म्हणाले. “और पच्चीस से ज़्यादा क्यों लिए?”

“पुढे राज्याला चाळीस लागणार होती ना. म्हणून थोडी वाढवली,” गुणाजी मधेच म्हणाले. हे खोटं होतं. पण संकट टळायला लागलं होतं, गुणाजी मालवणीवरून मुंबईवर आले होते.

“यानी दोष राज्य के नियम का.” सक्सेनांच्या चेहऱ्यावर लेझीम पाहतानाही नव्हता असा आनंद आला.

दोघेही लिहायला बसले, आणि या वेळी कुणी भिंतीकडे तोंड केलं नाही. डावीकडे लिहिलं गेलं की छात्र बत्तीस; अधिक संख्या राज्याच्या अव्यवहार्य निकषामुळे; शाळा निर्दोष; हस्तांतरणाची शिफारस. उजवीकडे लिहिलं गेलं की विद्यार्थी बत्तीस, कमी संख्या केंद्राच्या जाचक मर्यादेमुळे, शाळा निर्दोष, पद चालू ठेवण्याची शिफारस. खोडलेल्या आकड्यांवर एकमेकांच्या सह्या लागत होत्या. त्या दोघांनी आनंदाने केल्या. दुसऱ्याचा दोष आपल्या सहीने कायम करण्याची संधी नोकरीत रोज मिळत नाही.

राहिला ग्रंथ. तो कुणी न्यायचा? केंद्राचा रकाना राज्याच्या हाती द्यायला सक्सेना तयार नव्हते, राज्याचा रकाना दिल्लीला पाठवायला केंजळे. शेवटी असं ठरलं की तो शाळेच्या कपाटात राहील आणि दोन्ही सरकारांनी, लागेल तेव्हा, मुलुंडला येऊन वाचावा. चाफळची एसटी चुकू नये म्हणून केंजळे पळाले. सक्सेना त्यांना म्हणाले, “मैं टैक्सी से छोड़ देता हूँ,” आणि दोघे एका टॅक्सीत बसून गेले. जाताना काचेतून दिसत होतं की ते एकमेकांना काहीतरी समजावत आहेत.

भाऊरावांनी रत्नप्रभाबाईंना केबिनमध्ये बसायला खुर्ची दिली. गुणाजींनी न तळताच झाकून ठेवलेल्या बांगड्यांपैकी चार डब्यात घालून दिले. “शिवदासभावजींना सांगा, गुणाजीने दिले. आणि बाई, यापुढे भोकं असलेला कागद दिसला ना, तर मला हाक मारा. हात लावू नका.”

“बरं,” बाई म्हणाल्या. पण पुन्हा तसा कागद दिसला तर आपले हात ऐकतील याची त्यांना खात्री वाटेना.

घरी शिवदास दारातच उभा होता. संध्याकाळच्या गाडीने बाई रोज येत त्यापेक्षा तासभर उशीर झाला होता. त्याने पिशवी घेतली, डबा उघडून वास घेतला, झाकला. मग विचारायचं ते विचारलं.

“राहिली?”

“राहिली.”

तो खाटेवर टेकला. जरा वेळाने म्हणाला, “कुणी ठेवली गं? दिल्लीने की इथल्यांनी?”

बाई चुलीपुढे पाठमोऱ्या होत्या. त्यांनी तवा ठेवला, बांगड्याला मीठ लावलं.

“कुणीच नाही रे. दोघांनी एकमेकांच्या अंगावर ढकलली. खाली पडली नाही एवढंच.”

“मग पगार कोण देणार?”

“तेच ठरायचंय,” बाई म्हणाल्या. “मीरे, पाट घे.”